अठराव्या वर्षाची सीमारेषा

मराठींतील कायद्याची परिभाषा मोठी रोखठोक आहे. अठरा वर्षें पूर्ण न झालेल्या व्यक्तीस ती ‘अज्ञान’ म्हणते आणि पूर्ण झालेल्या व्यक्तीस ‘सज्ञान’ म्हणते. जमिनीच्या सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नांवानंतर ‘अ. पा. क.’ हीं अक्षरें येतात व त्यांच्यापुढें पालनकर्त्याचें नांव असतें. वाढदिवसाची रात्र उलटली कीं काल अज्ञान असलेला मुलगा आज सज्ञान ठरतो. त्याची सही चालते, त्याचें मत मोजलें जातें. व्यवहाराला अशी ठरीव रेषा लागतेच. तिच्यावांचून करारमदार, मतदान किंवा वारसाहक्क यांचे प्रश्न सुटावयाचे नाहींत. परंतु मनाचे आजार पंचांग पाहून येत नाहींत आणि पंचांग पाहून जातहि नाहींत. चौदाव्या वर्षीं ज्या मुलाच्या मनांत भयानें घर केलें, त्याचें तें भय अठराव्या वाढदिवशीं त्याला सोडून जाईल असें कोण म्हणेल? असें असतांहि, ज्या देशांनीं बालकांच्या मानसोपचाराची स्वतंत्र व्यवस्था प्रथम उभारली, त्याच देशांत बालविभागाचें दार बंद झालें म्हणजे प्रौढविभागाचें दार उघडेलच अशी खात्री नव्हती. या दोन दारांमधील अंतरांत कित्येक तरुण दिसेनासे झाले. ही रेषा पडली कशी, तिच्यामुळें नुकसान काय झालें, आणि ती ओलांडतांना तरुणांना हात देण्याचे कोणते उपाय निघाले, हा इतिहास मुख्यतः इंग्लंडांत घडला. परंतु आपल्याकडील सुशिक्षित घरांनींहि तो समजून घेण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न इंग्लंडांत उद्भवलाच नव्हता. कारण मुलांसाठीं वेगळें असें कांहींच नव्हतें. इ. स. १८४५ च्या कायद्यानें प्रत्येक परगण्यास वेड्यांचें इस्पितळ बांधणें भाग पडलें. त्या प्रचंड इमारतींत प्रौढ रोग्यांबरोबर कांहीं मुलेंहि ठेवलेलीं असत. कोणी अपस्मारानें पछाडलेलें, कोणी बुद्धीनें मंद, तर कोणी खरोखरच मनोविकारग्रस्त. इ. स. १८९० च्या कायद्यानें रोग्यास इस्पितळांत घेण्यापूर्वीं त्याला वेडा ठरविणारा दाखला आवश्यक केला. परिणामीं आजार विकोपास जाईपर्यंत उपचार मिळूं नयेत अशीच जणूं व्यवस्था झाली. हेन्री मॉड्स्ली या प्रसिद्ध डॉक्टरानें इ. स. १८६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बालवयांतील वेडावर एक स्वतंत्र प्रकरण घातलें होतें. याच मॉड्स्लीनें इ. स. १९०७ सालीं लंडन काउंटी कौन्सिलला ३०,००० पौंडांची देणगी देऊं केली. नव्या इस्पितळांत आजाराच्या आरंभींच उपचार व्हावेत आणि बाहेरून येऊन औषधपाणी नेणाऱ्या रोग्यांचीहि सोय असावी, अशी त्याची इच्छा होती. इमारत उभी राहिली तों पहिलें महायुद्ध सुरू झालेलें होतें. ती सैनिकांच्या उपचारास दिली गेली, आणि सामान्य नागरिकांसाठीं तें इस्पितळ इ. स. १९२३ सालीं उघडलें. पुढें इ. स. १९३० च्या कायद्यानें स्वेच्छेनें येणाऱ्या रोग्याला वेडेपणाच्या दाखल्यावांचून दाखल होतां येऊं लागलें. प्रौढांच्या मानसोपचाराची परंपरा ही अशी इस्पितळाच्या भिंतींत, डॉक्टरांच्या हातून व कायद्याच्या चौकटींत वाढत आली.

मुलांच्या मानसोपचाराचा उगम अगदीं निराळ्या ठिकाणीं, म्हणजे शाळेंत व न्यायालयांत झाला. इ. स. १८७० च्या शिक्षणकायद्यानंतर इंग्लंडांतील गोरगरिबांचीं मुलें मोठ्या संख्येनें शाळेंत येऊं लागलीं. अभ्यासांत मागें पडणारीं, चोऱ्या करणारीं, अकारण भिणारीं, कोणाशींच न बोलणारीं मुलें एका छपराखालीं शिक्षकांच्या नजरेस पडलीं. इ. स. १९१३ सालीं लंडन काउंटी कौन्सिलनें सिरिल बर्ट यांची आपल्या शाळांसाठीं मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. तिकडे अमेरिकेंत इ. स. १८९९ सालीं शिकागो येथें बालगुन्हेगारांसाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें होतें. तेथें येणाऱ्या मुलांच्या वर्तनाचीं कारणें शोधण्यासाठीं विल्यम हीली या डॉक्टरानें इ. स. १९०९ सालीं एक संस्था सुरू केली. मुलानें चोरी केली तर त्याला शिक्षा किती द्यावी हें ठरविण्याआधीं त्यानें चोरी कां केली हें पाहावें, असा या चळवळीचा आग्रह होता. इ. स. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीनें अमेरिकेंतील निरनिराळ्या शहरांत नमुन्यादाखल बालमार्गदर्शन केंद्रें चालविलीं आणि तेथून ही कल्पना इंग्लंडांत आली. इ. स. १९२७ सालीं इमॅन्युएल मिलर यांनीं पूर्व लंडनमध्यें ज्यू समाजाच्या आरोग्यसंस्थेच्या आश्रयानें असें एक केंद्र काढलें. इ. स. १९२९ सालीं कॉमनवेल्थ फंडाच्या पैशानें उत्तर लंडनमध्यें दुसरें निघालें.

या केंद्रांची कामाची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व तंट्याचें मूळ तींत आहे. तेथें तिघे मिळून काम करीत. डॉक्टर मुलाशीं बोले, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धि व अभ्यास तपाशी, आणि समाजसेविका आईबापांस भेटून घरची हकीकत समजून घेई. मग तिघे एकत्र बसून विचार करीत. खोलींत खेळणीं असत, रंग असत. औषधाची बाटली क्वचितच दिसे. मूल हट्टी कां झालें याचा शोध आईच्या आजारपणांत, बापाच्या बेकारींत किंवा वर्गांतील छळांत घेतला जाई आणि त्याप्रमाणें शाळेला सूचना जाई. येथें उपचार मुलाबरोबर त्याच्या घराचाहि होई. उलट प्रौढांच्या इस्पितळांत रोगी एकटा खाटेवर असे, त्याच्या पायथ्याशीं त्याच्या आजाराच्या नांवाचा कागद असे, आणि नातेवाईक भेटीच्या वेळेपुरते येत. एकाच शास्त्राच्या दोन शाखा अशा दोन निराळ्या वळणांनीं वाढल्या. त्यांची भाषा वेगळी झाली, त्यांचे शिक्षणक्रम वेगळे झाले, आणि त्यांचे पैशाचे मार्गहि वेगळे राहिले.

इ. स. १९४८ च्या जुलै महिन्यांत ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हां हे दोन प्रवाह जोडण्याची संधि आली होती. ती साधली गेली नाहीं. मानसोपचाराचीं इस्पितळें आरोग्यखात्याच्या प्रादेशिक मंडळांकडे गेलीं. बालमार्गदर्शन केंद्रें बहुतांशीं स्थानिक शिक्षणमंडळांकडे राहिलीं. इ. स. १९५५ सालीं अंडरवुड समितीनें प्रत्येक शिक्षणमंडळाच्या क्षेत्रांत अशी सेवा असावी अशी शिफारस केली. म्हणजे बालसेवेचें शाळेशीं असलेलें नातें अधिकच पक्कें झालें. या नात्यामुळें बालसेवा कोठें संपावी हें शाळेनें ठरविलें. सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा इंग्लंडांत इ. स. १९४७ सालीं पंधराव्या वर्षापर्यंत व इ. स. १९७२ सालीं सोळाव्या वर्षापर्यंत वाढली. शाळा सुटली कीं अनेक ठिकाणीं केंद्रहि सुटे. त्यांतच इ. स. १९७० च्या आरंभीं सज्ञानतेचें वय एकविसावरून अठरावर आलें. आणि ज्या कायद्यानें हें घडलें त्याच कायद्यानें सोळा वर्षांच्या मुलास स्वतःच्या वैद्यकीय उपचारास संमति देण्याचा अधिकार दिला. एवंच, एकाच देशांत कोठें सोळावें वर्ष, कोठें सतरावें, तर कोठें अठरावें अशा निरनिराळ्या रेषा पडल्या. इ. स. २००४ च्या राष्ट्रीय आराखड्यानें बालसेवा अठराव्या वाढदिवसापर्यंत चालावी असें ठरविलें. परंतु या सर्व वर्षांत रेषा कोठेंहि आंखली गेली असो, ती आंखतांना शाळेचें हजेरीपत्रक किंवा कायद्याचें पुस्तक पुढें होतें. रोगाचा स्वभाव कोणी पुढें ठेवला नव्हता.

आणि रोगाचा स्वभाव तर निराळेंच सांगत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ले हॉल यांनीं इ. स. १९०४ सालीं पौगंडावस्थेवर दोन खंडांचा विस्तृत ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यांनीं या अवस्थेची मर्यादा चौदापासून चोवीस वर्षांपर्यंत धरली होती. शंभर वर्षांनंतरच्या संशोधनानें त्या अंदाजास पुष्टि दिली. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष इ. स. २००५ सालीं प्रसिद्ध झाले. आयुष्यांत केव्हां तरी मनोविकार जडणाऱ्या लोकांपैकीं निम्म्यांना तो चौदाव्या वर्षापर्यंत व तीनचतुर्थांशांना चोविसाव्या वर्षापर्यंत जडलेला असतो, असें तींत आढळलें. पुढें जगभरच्या १९२ अभ्यासांचा एकत्र विचार करण्यांत आला. त्यांतील आंकडे जरा कमी, म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत सुमारें ४८ टक्के व पंचविसाव्या वर्षापर्यंत सुमारें ६२ टक्के, असे आहेत. आजार जडण्याचें प्रमाण सर्वांत अधिक असलेलें वय साडेचौदा वर्षांचें निघालें. म्हणजे ज्या काळांत मनोविकार उगवतात व मूळ धरतात, नेमक्या त्या काळाच्या मध्यावर व्यवस्थेनें आपली भिंत घातली होती. वाहत्या पाण्यांत मध्येंच होडी बदलावी तसा हा प्रकार होता.

भिंतीच्या पलीकडे काय चाललें होतें हेंहि पाहिलें पाहिजे. इ. स. १९५९ च्या कायद्यानंतर व विशेषतः इ. स. १९६१ सालीं आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनीं जुनीं प्रचंड इस्पितळें बंद करण्याचा मनोदय जाहीर केल्यानंतर प्रौढ रोगी हळूहळू समाजांत राहूं लागले. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं पथकें नेमलीं गेलीं. पैसा व माणसें मात्र बेताचीं. साहजिकच इ. स. १९९० नंतरच्या काळांत या पथकांचें लक्ष छिन्नमनस्कता किंवा उन्माद-अवसाद यांसारख्या तीव्र विकारांवर एकवटलें. इकडे बालसेवा मात्र रुंदावत होती. इ. स. १९९५ सालीं बालसेवेची चार पायऱ्यांची रचना सुचविण्यांत आली. तींत शिक्षक व घरचे डॉक्टर यांच्यापासून तों विशेष इस्पितळापर्यंत सर्वांचा समावेश होता. अतिचंचलता, स्वमग्नता, शाळेची धास्ती, अन्न वर्ज्य करण्याचा विकार, स्वतःस इजा करून घेण्याची प्रवृत्ति, हें सर्व बालविभाग आपलें मानी. प्रौढविभागाच्या यादींत यांपैकीं पुष्कळांना जागाच नव्हती. अशा रीतीनें एका बाजूचें दार रुंद व दुसऱ्या बाजूचें अरुंद झालें.

उदाहरणार्थ, पंधराव्या वर्षापासून मंत्रचळानें बेजार झालेली एखादी मुलगी कल्पनेंत आणावी. ती दिवसांतून चाळीस वेळां हात धुते. दाराची कडी लागली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रात्रीं पुनःपुन्हां उठते. बालविभागांत तिला ओळखीची समुपदेशिका आहे. आई तिच्याबरोबर येते. एखादी भेट चुकली तर तेथून घरीं विचारणा होते. अठरावें वर्ष पुरें होतें. आतां पत्र तिच्या नांवें येतें, भेट तिनें एकटीनें घ्यावयाची असते, आणि तिच्या संमतीवांचून आईला कांहीं सांगण्यास डॉक्टर राजी नसतात. दोन भेटी चुकल्या तर ‘रोगी आला नाहीं’ असा शेरा पडून तिचें नांव यादींतून निघूं शकतें. याच वर्षीं तिची शेवटची परीक्षा असते. मग घर सोडून परक्या शहरीं विद्यापीठांत जावयाचें असतें. किंवा याहून साधी गोष्ट घडते. प्रौढविभाग तिचे कागद पाहतो आणि तिचा आजार आपल्याकडे घेण्याइतका तीव्र नाहीं असें कळवितो. तीन वर्षें जो आजार उपचारास पात्र होता, तो एका वाढदिवसानें अपात्र ठरतो. ती मुलगी मग दोन-तीन वर्षांनीं परत येते, पण तेव्हां ती अपघातविभागाच्या दारानें येते.

अशा तक्रारी आईबाप, डॉक्टर व स्वतः तरुण पुष्कळ वर्षें करीत होते. परंतु तक्रारीला मोजमापाचें बळ इ. स. २०१० सालीं आलें. वॉरिक विद्यापीठांतील मानसरोगतज्ज्ञ स्वरणसिंग व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांतील सहा मानसोपचार संस्थांत, एका वर्षांत ही सीमा गांठलेल्या १५४ तरुणांचा मागोवा घेतला. त्यांपैकीं ९० जण प्रौढविभागांत पोंचले. उरलेल्या ६४ जणांना एक तर तिकडे पाठविलेंच गेलें नाहीं किंवा तिकडे घेतलें गेलें नाहीं. चांगलें हस्तांतर म्हणजे काय, याच्या चार कसोट्या या संशोधकांनीं ठरविल्या होत्या. आधीं योग्य आंखणी व्हावी, कागदपत्रें व माहिती पुरती पोंचावी, दोन्ही विभागांनीं कांहीं काळ मिळून काम करावें, आणि हस्तांतरानंतर उपचारांत खंड पडूं नये. या चारहि कसोट्यांस उतरलेलें हस्तांतर जे पोंचले त्यांच्यापैकीं शेंकडा पांचांच्याहि वांट्यास आलें नव्हतें. ज्यांचा विकार तीव्र होता, ज्यांना औषधें चालूं होतीं किंवा जे पूर्वीं इस्पितळांत राहिले होते, ते पलीकडे जाण्याचा संभव अधिक होता. स्वमग्नता व अतिचंचलता यांसारखे वाढीचे विकार, चिंता व भय यांचे विकार, किंवा ज्यांच्या स्वभावांतच बिघाड दिसूं लागला होता असे तरुण बहुधा मागें राहिले. याच अभ्यासांत एक आशादायक गोष्टहि आढळली. जे पलीकडे पोंचले, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं उपचार सोडले नाहींत आणि आपणांस बरें वाटत असल्याचें सांगितलें. तेव्हां प्रौढविभागांत जाऊन कांहीं होत नाहीं ही समजूत खरी नव्हती. अडचण तेथें पोंचण्याची होती.

या काळांत कायद्यानेंहि कांहीं पाउलें उचललीं. अठरा वर्षांखालील मुलांना जागेच्या अभावीं प्रौढांच्या कक्षांत ठेवण्यांत येतें, या विषयावर इंग्लंडच्या बालआयुक्तांच्या कार्यालयानें इ. स. २००७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षींच्या कायद्यानें मुलांना वयास साजेशा जागींच ठेवण्याचें बंधन इस्पितळांवर घातलें व तें इ. स. २०१० पासून अमलांत आलें. इ. स. २०१८ सालीं आरोग्यसेवेंतील अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी शाखेनें नेमक्या याच हस्तांतराचा तपास केला. निमित्त दुःखद होतें. प्रौढसेवेकडे सोंपविला गेलेला एक तरुण नुकताच अठरा वर्षांचा होऊन आत्मघातानें मरण पावला होता. तपासाचा रोख कोणा एका डॉक्टरवर नव्हता. वय हीच कसोटी ठेवण्याऐवजीं त्या तरुणाची गरज व तयारी पाहून हस्तांतराची वेळ ठरवावी, असा त्याचा आशय होता.

तत्पूर्वींच, इ. स. २०१६ सालीं, इंग्लंडांतील नाइस या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेनें बालसेवेंतून प्रौढसेवेंत जाणाऱ्या सर्व तरुणांसाठीं सूचना काढल्या होत्या. त्या वाचतांना त्यांतील व्यवहारी शहाणपण मनांत भरतें. हस्तांतराची तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षींच सुरू करावी, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबूं नये. एकच ओळखीचा माणूस त्या तरुणाचा सोबती म्हणून नेमावा. तो परिचारिका असो, समाजसेवक असो, वा डॉक्टर असो. त्यानें हस्तांतरापूर्वीं निदान सहा महिने व नंतर निदान सहा महिने सोबत करावी. नव्या विभागांतील माणसांची भेट जुन्या विभागांत असतांनाच घडवावी. प्रकृति त्यांतल्या त्यांत स्थिर असेल अशी वेळ निवडावी. ऐन परीक्षेंत किंवा झटका आलेला असतांना दार बदलूं नये. आईबापांनीं पुढें किती व कोणत्या बाबतींत भाग घ्यावा, हें त्या तरुणास विचारून ठरवावें. आणि नव्या ठिकाणच्या भेटी चुकल्या तर नांव काढून न टाकतां त्याच्याशीं व त्याच्या घरच्यांशीं संपर्क साधावा. घरांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला एका इस्पितळांतून दुसऱ्यांत नेतांना जी काळजी आपण घेतों, तीच काळजी मनाच्या बाबतींत घ्यावी, एवढेंच यांत सांगितलें आहे.

अशी काळजी घेतल्यानें फरक किती पडतो, हेंहि पाहण्यांत आलें. युरोपांतील आठ देशांत या प्रश्नाचा एक मोठा अभ्यास इ. स. २०१४ पासून हातीं घेण्यांत आला. त्यांत कांहीं केंद्रांत तरुणाची तयारी, आजाराची तीव्रता व पुढील गरज हीं एका ठरीव प्रश्नावलीनें मोजून त्याचा अहवाल डॉक्टरांच्या हातीं देण्यांत आला. इतर केंद्रांत नेहमींची पद्धत चालूं ठेवली. इ. स. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, जेथें असें आंखून हस्तांतर झालें तेथें तरुणांची प्रकृति सव्वा वर्षानंतर थोडी अधिक चांगली आढळली. सुधारणा अल्प होती. कागद भरल्यानें दार रुंद होत नाहीं. पलीकडे जागा, माणसें व वेळ असावी लागते, हा त्यांतून घ्यावयाचा बोध होय.

दुसरा मार्ग असा कीं, रेषेवर पूल बांधण्याऐवजीं रेषाच हलवावी. हा विचार ऑस्ट्रेलियांत पुढें आला. पॅट्रिक मॅक्गॉरी यांनीं मेलबर्न येथें इ. स. १९९२ सालीं तीव्र मनोविकाराच्या पहिल्याच झटक्यांत तरुणांवर उपचार करणारें केंद्र काढलें. पुढें इ. स. २००६ सालीं त्या देशांत ‘हेडस्पेस’ नांवाची योजना निघाली. तिचीं केंद्रें बारा ते पंचवीस वर्षांपर्यंतच्या कोणाहि मुलामुलीला खुलीं असतात. तेथें मनाच्या प्रश्नांबरोबर शरीराची प्रकृति, नोकरी व व्यसनें यांविषयींहि मदत मिळते. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरानें इ. स. २०१६ पासून जन्मापासून पंचवीस वर्षांपर्यंत एकच सेवा सुरू केली, आणि इ. स. २०१९ च्या आरोग्यसेवेच्या दीर्घ योजनेनें हेंच ध्येय साऱ्या देशापुढें ठेवलें. या मार्गावरहि आक्षेप आहेत. पंचविसावें वर्ष ही देखील रेषाच आहे. सौम्य आजाराची सोय होते पण तीव्र आजाराला तीं केंद्रें अपुरीं पडतात, अशीहि टीका झाली. तरी पण पंचविसाव्या वर्षीं माणसाचें शिक्षण बहुधा पुरें झालेलें असतें, कमाई सुरू झालेली असते, आणि आजार उगवण्याचा ऐन काळ मागें पडलेला असतो. दार बदलावयाचेंच तर तेव्हां बदलणें अठराव्या वर्षापेक्षां सोपें, यांत शंका नाहीं.

मुंबईला बालमार्गदर्शनाची कल्पना लंडननंतर अवघ्या दहा वर्षांत येऊन पोंचली होती, ही गोष्ट फारशी कोणास आठवत नाहीं. इ. स. १९३६ सालीं स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें, इ. स. १९३७ सालीं हिंदुस्थानांतील पहिलें बालमार्गदर्शन केंद्र काढलें. इ. स. १९३८ सालीं जे. जे. इस्पितळांत डॉ. के. आर. मसानी यांच्या हातून मानसोपचार विभागाचा आरंभ झाला. परंतु पुढें असे स्वतंत्र बालविभाग मोठ्या शहरांपलीकडे फारसे पसरले नाहींत. आपल्याकडे बहुधा एकच मानसरोगतज्ज्ञ मुलांना व मोठ्यांना दोघांनाहि तपासतो. त्यामुळें इंग्लंडांतील भिंत आपल्याकडे तितकी ठळक नाहीं. येथें पूल होण्याचें काम घरानें केलें. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला तरी आई त्याच्याबरोबर दवाखान्यांत जाते व बाप त्याच्या गोळ्या मोजतो.

कायद्यानें मात्र आपल्याकडेहि रेषा आंखल्या आहेत. इ. स. १९१२ च्या वेडेपणाच्या कायद्याच्या जागीं आलेल्या इ. स. १९८७ च्या कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलांसाठीं वेगळीं इस्पितळें असूं शकतात असें म्हटलें होतें. इ. स. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ती मर्यादा अठरा केली आणि अज्ञान रोग्यास प्रौढांपासून वेगळें ठेवण्याचें बंधन घातलें. इस्पितळांत असतांनाच जो अठरा वर्षांचा होतो, त्याला त्या दिवसापासून स्वतंत्र रोगी म्हणून गणावें असें हा कायदा सांगतो. तोंवर पालक हेच त्याचे प्रतिनिधि असतात. त्यानंतर आपला प्रतिनिधि कोण हें तो स्वतः लिहून देऊं शकतो, आणि आजार बळावला तर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊं नयेत हेंहि आधींच नमूद करूं शकतो. हक्क मोठे आहेत. परंतु ते वापरण्याची तयारी त्या तरुणाकडून कोणी करून घेतलेली असेल तरच ते उपयोगाचे. पालघर येथें इ. स. २०१३ सालीं सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमहि अठराव्या वर्षापर्यंतच मुलांची तपासणी करतो. ज्यांना घर आहे त्यांना पुढें घर सांभाळतें. बालगृहांत वाढलेल्या मुलांचें काय, हा प्रश्न अधिक कठीण आहे. इ. स. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें त्यांच्यासाठीं अठरा ते एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय ठेवली आहे; तींत राहण्याच्या व धंदाशिक्षणाच्या सोयीबरोबर मनाच्या उपचारांचा धागा तुटूं न देणें हें काम यावयास हवें.

पुणें-मुंबईसारख्या शहरांतील घरांपुढें हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. बारावी होते, मुलगा किंवा मुलगी परगांवीं वसतिगृहांत जाते, आणि जुना डॉक्टर, आईची देखरेख व ओळखीची शाळा हीं तिन्ही एकाच जून महिन्यांत सुटतात. अशा वेळीं इंग्लंडांतील अनुभवाचा उपयोग कोणाहि कुटुंबास करून घेतां येईल. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून प्रत्येक भेटींत कांहीं मिनिटें मुलास डॉक्टरांशीं एकट्यानें बोलूं द्यावें, म्हणजे आपला आजार आपल्या शब्दांत सांगण्याची त्याला संवय होते. निदान, औषधांचीं नांवें व मात्रा, कोणता उपाय लागू पडला व कोणता नाहीं, हें सर्व एका वहींत लिहून ती वही त्याच्याच हातीं द्यावी. नव्या गांवच्या डॉक्टरांचें नांव जाण्यापूर्वींच काढावें व जुन्या डॉक्टरांकडून त्यांस पत्र न्यावें. शक्य तर पहिली भेट एकत्र घ्यावी. पहिले सहा महिने विशेष लक्ष ठेवावें. अडीनडीला भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनि-सेवा इ. स. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालूं आहे, हें त्याला ठाऊक असावें. आणि मुलानें आईबापांस एखादी गोष्ट न सांगण्याचें ठरविलें तर त्याचा राग मानूं नये. तो सज्ञान होत असल्याची ती खूण असते.

मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असें आपल्याकडील जुने लोक सांगत आले. मित्र हा हात धरून चालवीत नाहीं, पण वाटेंत सोडूनहि जात नाहीं. बालविभाग व प्रौढविभाग यांच्यामधील वाटेवर तरुणांना याच प्रकारची सोबत हवी आहे, हें इंग्लंडला पुष्कळ मोल देऊन कळलें. आपल्याकडे स्वतंत्र बालविभाग आतां कोठें वाढूं लागले आहेत. ते वाढतांनाच प्रत्येक बालविभागानें आपल्या शेजारच्या प्रौढविभागाशीं हस्तांतराचा करार आरंभींच करून ठेवला, तर तेंच मोल येथील मुलांना द्यावें लागणार नाहीं.